बारीक सुई आणि जाणती नजर : लसीकाग्रंथींतील परोपजीवींचे निदान

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या तक्त्यांबरोबर एखाद्या वैद्यकीय विषयाची ओळख करून देणारा लेख असावा, म्हणजे आपल्या देणगीतून रुग्णालयात नेमके काय घडते हे देणगीदारांना उमगते आणि रुग्णांच्या आप्तेष्टांनाही त्याचा उपयोग होतो, अशी आमची धारणा आहे. या वेळी आम्ही प्रयोगशाळेतील एक साधी तपासणी निवडली आहे. शरीरावरील गाठीत बारीक सुई घालून तेथील पेशी बाहेर काढावयाच्या, काचपट्टीवर पसरावयाच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या, एवढेच तिचे स्वरूप. डॉक्टर मंडळी तिला 'एफएनएसी' म्हणतात. आपण तिला 'सुईची तपासणी' म्हणू.

या तपासणीचा सर्वाधिक उपयोग क्षय आणि कर्करोग ओळखण्यासाठी होतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु तिचा आरंभ झाला तो परोपजीवींच्या शोधातून, आणि आजही अधूनमधून तिच्या काचपट्टीवर कोणाच्या ध्यानीमनी नसलेला एखादा कृमी वा सूक्ष्म जीव आढळतो. म्हणूनच या विषयाकडे आम्हास आपले लक्ष वेधावयाचे आहे. आम्ही व्यवस्थापनाचे काम पाहणारे; वैद्यकशास्त्राचे अधिकारी नव्हे. तरीही या तपासणीसाठी काय लागते आणि ती केली नाही तर रुग्णाला काय सोसावे लागते, हे दोन्ही आमच्या रोजच्या कामाचा भाग आहेत.

गाठ म्हणजे काय?

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसीकावाहिन्यांचे एक जाळे असते. पेशींच्या आजूबाजूस साचणारा पाण्यासारखा द्रव, म्हणजे लसीका, या वाहिन्यांतून परत रक्तात जाऊन मिळतो. वाटेत ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्यासारख्या छोट्या ग्रंथी असतात. मानेत, काखेत, जांघेत त्या अधिक. जकातीच्या नाक्यावर जशी प्रत्येक गाडी थांबवून पाहावी, तशी या ग्रंथी लसीकेची झडती घेतात. रोगजंतू आढळला की तेथील पांढऱ्या पेशी वाढतात आणि ग्रंथी फुगते.

आपल्या भाषेने हे फार पूर्वीपासून टिपून ठेवले आहे. पायाला काटा रुतून जखम चिघळली की जांघेत येणारी दुखरी गाठ म्हणजे 'अवधाण', आणि मानेभोवती माळेसारख्या उठणाऱ्या गाठी म्हणजे 'गंडमाळा'. अवधाण जखम बरी होताच ओसरते. गंडमाळा बहुधा क्षयाची असते. ही दोन नावे ठेवताना आपल्या पूर्वजांनी एक गोष्ट ओळखली होती, ती ही की गाठ हा स्वतः रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. खूण कशाची, हे मात्र बोटांनी चाचपून नेहमीच कळत नाही. क्षय, साधा जंतुसंसर्ग, रक्तपेशींचा कर्करोग, अन्य अवयवातून पसरलेला कर्करोग आणि परोपजीवी यांतील कोणतेही कारण असले, तरी हाताला गाठ सारखीच लागू शकते.

तपासणी कशी होते?

रुग्णाला झोपवून वा बसवून डॉक्टर गाठ दोन बोटांत स्थिर धरतात, त्वचा स्पिरिटने पुसतात आणि नेहमीच्या इंजेक्शनइतकी किंवा त्याहून बारीक सुई गाठीत घालतात. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून सुई गाठीच्या आतल्या आत दोन-चार वेळा पुढेमागे केली जाते. त्यामुळे काही पेशी व द्रवाचे थेंब सुईच्या नळीत येतात. ते काचपट्टीवर टाकून दुसऱ्या पट्टीने पसरतात. बहुतेकदा भूल द्यावी लागत नाही, टाका घालावा लागत नाही, आणि कापूस थोडा वेळ दाबून धरला की रुग्ण आपल्या पायांनी घरी जातो.

खरे काम येथून पुढे सुरू होते. काही पट्ट्या हवेत वाळवून एका प्रकारच्या रंगाने रंगवितात, काही ओल्या असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवून दुसऱ्या प्रकारच्या रंगाने. एखादी पट्टी क्षयाच्या जंतूंसाठी वेगळ्या रंगाकरिता राखून ठेवतात. परोपजीवींच्या दृष्टीने हवेत वाळविलेली आणि गिम्सा किंवा लीशमन या रंगाने रंगविलेली पट्टी विशेष मोलाची. कारण तिच्यात या जीवांचे केंद्रक व अंतर्रचना स्पष्ट उठून दिसतात. मग पॅथॉलॉजिस्ट ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहतात. हजारो पेशींच्या गर्दीत एखादाच परोपजीवी असू शकतो.

या तपासणीचे मूळ

या पद्धतीचा इतिहास उद्बोधक आहे. थॉमस विंटरबॉटम या इंग्रज वैद्याने पश्चिम आफ्रिकेतील निद्रारोगाचे वर्णन १८०३ साली प्रसिद्ध केले. या रोगात मानेच्या मागील बाजूच्या ग्रंथी सुजतात, आणि गुलामांचे व्यापारी अशा गाठी असलेली माणसे विकत घेत नाहीत, असे त्याने नोंदविले. पुढे शंभर वर्षांनी, १९०४ साली, ग्रेग आणि ग्रे या दोन लष्करी वैद्यांनी युगांडामध्ये निद्रारोग्यांच्या याच सुजलेल्या ग्रंथींत सुई घालून रस काढला. त्यात त्यांना वळवळणारे ट्रिपॅनोसोम नावाचे परोपजीवी दिसले. रक्तात जे शोधूनही सहज सापडत नव्हते, ते ग्रंथीच्या रसात सापडले. यांतील ग्रेग हे हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेतले अधिकारी होते.

त्याच्या एकच वर्ष आधी, १९०३ साली, मद्रास येथे चार्ल्स डोनोव्हन यांनी ताप आलेल्या रुग्णाच्या वाढलेल्या प्लीहेतून सुईने नमुना घेतला आणि काळ्या आजाराचे सूक्ष्म जीव पाहिले. विल्यम लीशमन यांनीही त्याच वर्षी तेच जीव वर्णन केले होते. म्हणून त्यांना आजही 'लीशमन-डोनोव्हन पिंड' म्हणतात. कर्करोगाच्या गाठींसाठी ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये १९३० च्या सुमारास वापरली जाऊ लागली आणि १९५० नंतर स्वीडनमधील डॉक्टरांनी तिला शास्त्रशुद्ध रूप दिले. थोडक्यात, आज आपण जिला कर्करोगाची तपासणी समजतो, ती आधी परोपजीवींची तपासणी होती.

हत्तीरोग : गाठीत दडलेला कृमी

महाराष्ट्रात लसीकाग्रंथी आणि परोपजीवी यांचा सर्वांत निकटचा संबंध येतो तो हत्तीरोगात. हा रोग नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या विदर्भातील जिल्ह्यांत दीर्घकाळ ठाण मांडून राहिला आहे. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास याचा वाहक. तो चावला की कृमीच्या अळ्या त्वचेवाटे आत शिरतात आणि लसीकावाहिन्यांत जाऊन वाढतात. पूर्ण वाढलेली मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब आणि दोऱ्यासारखी बारीक असते. हे कृमी वाहिनीत वर्षानुवर्षे जगतात आणि मादी असंख्य सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडते. त्यांना 'मायक्रोफायलेरिया' म्हणतात. प्रत्येकाची लांबी मिलिमीटरच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढी असते.

या पिल्लांची एक विलक्षण सवय आहे. दिवसा ती फुप्फुसांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत राहतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास बाहेरच्या रक्तात येतात. डास रात्री चावतो, त्याच्याशी ही वेळ जुळते. पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय येथे १८७७ साली डासाच्या पोटात या अळ्यांची वाढ पाहिली, आणि पुढे हे वेळापत्रकही त्यांनीच उघडकीस आणले. त्याआधी १८७२ साली टिमोथी लुइस यांना कलकत्त्यात माणसाच्या रक्तात ही पिल्ले आढळली होती. रक्ताची जुनी तपासणी त्यामुळे रात्रीच करावी लागे. आता बोटाच्या टोकाच्या रक्तावर दिवसाही होणारी जलद चाचणी उपलब्ध आहे.

सुईच्या तपासणीचे वैशिष्ट्य असे, की तिला घड्याळ पाहावे लागत नाही आणि रोगाचा संशयही आधी असावा लागत नाही. कोपराच्या आतील बाजूची गाठ, जांघेतील गाठ, अंडकोशाजवळची गाठ, क्वचित स्तनातील वा गळ्यातील गाठ क्षय किंवा कर्करोगाच्या शंकेने सुईकडे पाठविली जाते आणि पट्टीवर एकाएकी वेटोळे घातलेला मायक्रोफायलेरिया दिसतो. त्याच्याभोवती पातळ आवरण असते आणि शेपटीच्या टोकाशी केंद्रके नसतात. या दोन खुणांवरून तो ओळखता येतो. आजूबाजूस इओसिनोफिल नावाच्या, लालसर कण असलेल्या पांढऱ्या पेशी गर्दी करतात. पट्टीवर या पेशी भरपूर दिसल्या की अनुभवी पॅथॉलॉजिस्ट 'येथे कृमी असू शकेल' म्हणून सगळी पट्टी पुन्हा पाहतात.

हे निदान वेळीच होण्याचा लाभ मोठा आहे. पाय हत्तीसारखा सुजल्यावर औषधाने तो पूर्ववत होत नाही. तेथे पायाची स्वच्छता, व्यायाम आणि जखमांची काळजी एवढेच हाती उरते. परंतु गाठीच्या अवस्थेत कृमी सापडला तर डायएथिलकार्बामाझिन हे जुने, स्वस्त औषध घेऊन रक्तातील पिल्ले नष्ट होतात, काही प्रौढ कृमीही मरतात, आणि त्या रुग्णाकडून डासामार्फत शेजाऱ्यापाजाऱ्यांना होणारा प्रसार थांबतो.

वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या रक्तचाचण्यांवर अनेक दशके संशोधन केले, ही मराठी मुलखाला अभिमानाची गोष्ट आहे. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ पासून चालू आहे. २००४ पासून प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांत सर्व पात्र नागरिकांना वर्षातून एकदा सामुदायिक औषधोपचार देण्याची मोहीम देशात राबविली गेली, आणि २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात दोन औषधांच्या जागी तीन औषधे एकत्र देण्यास आरंभ झाला. देशातून या रोगाचे उच्चाटन करण्यासाठी २०२७ हे वर्ष लक्ष्य म्हणून ठरविण्यात आले आहे.

चांदवडकरांना प्रश्न पडेल, विदर्भातील रोगाशी आपला काय संबंध? आपले गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे आणि मनमाडसारखे रेल्वेचे जंक्शन जवळ आहे. कांद्याच्या बाजारात आणि द्राक्षांच्या बागांत दूरदूरची माणसे कामाला येतात. ट्रक चालविणारे तर अर्धा देश पालथा घालतात. कृमी वर्षानुवर्षे शरीरात राहतो. त्याला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. म्हणून गाठ घेऊन आलेल्या रुग्णाला 'तुम्ही मूळचे कोठले, पूर्वी कोठे राहिलात?' हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. तो कोणाच्या जातीपातीची वा परकेपणाची चौकशी नव्हे, निदानाचाच भाग आहे.

काचपट्टीवरील आणखी पाहुणे

काळ्या आजाराचा उल्लेख वर आला आहे. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल हे त्याचे मुख्य प्रदेश. दीर्घ ताप, वाढलेली प्लीहा आणि रक्तक्षय ही त्याची लक्षणे. आपल्या देशातील काळ्या आजारात ग्रंथी सुजण्याचे प्रमाण सुदानच्या तुलनेत कमी आहे. तथापि ग्रंथी सुजलेली असेल तर तिच्यात सुई घालणे प्लीहेत सुई घालण्यापेक्षा पुष्कळच निर्धोक. प्लीहेतील नमुन्यात जीव सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते, परंतु तेथे रक्तस्रावाचा धोका असतो. मोठ्या पांढऱ्या पेशींच्या पोटात दाटीने बसलेले, लाल रक्तपेशीहूनही लहान असे हे पिंड असतात. प्रत्येकात एक गोल केंद्रक आणि त्याशेजारी काडीसारखा एक ठिपका, अशी जोडी दिसली की ओळख पटते.

दुसरा पाहुणा टोक्सोप्लाझ्मा. मांजराच्या विष्ठेने दूषित झालेली माती, पाणी, भाजीपाला आणि अर्धवट शिजलेले मांस यांतून तो शरीरात येतो. तरुण, एरवी धडधाकट माणसाच्या मानेच्या मागील बाजूस दुखत नसलेली गाठ येते. पट्टीवर प्रत्यक्ष जीव क्वचितच दिसतो. दिसतात ते विशिष्ट पेशींचे छोटे छोटे पुंजके. त्यावरून शंका घ्यावयाची आणि रक्ताच्या चाचणीने ती पडताळून पाहावयाची. बहुतेकांत हा आजार आपोआप बरा होतो. मात्र गरोदर स्त्रीस आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णास त्याचा धोका मोठा, म्हणून नाव कळणे महत्त्वाचे.

तिसरा पाहुणा खरे तर ग्रंथीतला नव्हे, परंतु ग्रंथी म्हणूनच सुईकडे येतो. डुकराच्या पट्टकृमीची अळी माणसाच्या त्वचेखाली वा स्नायूत जाऊन बसते आणि वाटाण्याएवढी टणक गाठ होते. मानेवर असली तर ती लसीकाग्रंथी वाटते. सुईतून स्वच्छ पाण्यासारखा द्रव येतो आणि पट्टीवर अळीच्या आवरणाचे तुकडे व इओसिनोफिल दिसतात. 'आम्ही शाकाहारी, आम्हास हे कसे?' असा प्रश्न येथे हमखास येतो. ही गाठ डुकराचे मांस खाल्ल्याने थेट होत नाही. पट्टकृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतील अंडी दूषित पाणी, न धुतलेली कोशिंबीर किंवा अस्वच्छ हात यांच्याद्वारे पोटात गेल्याने ती होते. त्यामुळे शाकाहारी कुटुंबातही ती आढळते. तीच अळी मेंदूत असेल तर फिट येऊ शकतात. म्हणून मानेवरील लहानशा गाठीत अळी सापडली की डॉक्टर मेंदू व डोळे यांचा विचार करतात आणि तो करूनच कृमिनाशक औषध देतात. एका सुईने येथे पुढचा मोठा अनर्थ टळू शकतो.

चंद्रपूरचा धडा

निद्रारोग आफ्रिकेतला, तो आपल्याकडे नाही. परंतु त्याच कुळातील एक ट्रिपॅनोसोम आपल्या जनावरांत पूर्वीपासून आहे. घोडे, उंट, गाई-म्हशी यांना होणारा 'सर्रा' हा रोग त्याच्यामुळे होतो आणि रक्त पिणाऱ्या गोमाश्या तो पसरवितात. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली पंजाबात हा जीव शोधला, तेव्हापासून तो माणसाला होत नाही अशी समजूत होती.

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला वारंवार ताप येत होता. रक्ताच्या काचपट्टीवर हिवतापाचे जंतू दिसण्याऐवजी ट्रिपॅनोसोम दिसले. नागपूरच्या डॉक्टरांनी आणि परदेशी तज्ज्ञांनी मिळून तो सर्राचाच जीव असल्याचे सिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेने पुरविलेल्या सुरामिन या औषधाने रुग्ण बरा झाला आणि २००५ साली हा वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी असे आढळले, की या रुग्णाच्या रक्तात एक संरक्षक प्रथिन जन्मतःच नव्हते, म्हणून जनावराचा जीव त्याच्यात टिकू शकला.

ही पट्टी ग्रंथीची नव्हती, रक्ताची होती. तरीही तिचा धडा आमच्या विषयाला तंतोतंत लागू पडतो. पट्टी पाहणाऱ्याने जर 'येथे हिवतापच असणार किंवा काहीच नसणार' असे मनाशी ठरविले असते, तर तो जीव नजरेखालून निसटला असता. रोगाची शंका कोणालाही आलेली नव्हती. निदान झाले ते पट्टी मोकळ्या मनाने पाहिली गेली म्हणून.

अंदाजाने उपचार का नकोत?

आपल्या देशात मानेतील दीर्घकाळ टिकणाऱ्या गाठीचे सर्वांत मोठे कारण क्षय हेच आहे. त्यामुळे 'गाठ आहे ना, मग क्षयाची औषधे सुरू करा' असा सल्ला अनेकदा दिला जातो आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. पण या सल्ल्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार व्हावा.

क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो : दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन. ही औषधे शासनाकडून मोफत मिळतात आणि ज्याला क्षय आहे त्याचे प्राण वाचवितात. परंतु ती यकृताला व डोळ्यांना त्रास देऊ शकतात. ज्याला क्षय नाही अशाने ती सहा महिने घेतली, तर त्याने तो धोका व्यर्थ पत्करला. दरम्यान गाठ रक्तपेशींच्या कर्करोगाची असेल तर सहा मोलाचे महिने वाया गेले. हत्तीरोगाची असेल तर कृमी आपले काम करीत राहिला. शिवाय औषधाने गाठ ओसरली म्हणजे निदान बरोबर होते, असेही म्हणता येत नाही. कारण साध्या संसर्गाच्या गाठी काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. उलट खऱ्या क्षयाच्या गाठी योग्य औषध चालू असतानाही काही काळ वाढू शकतात. आरंभीच सुईने पुरावा घेतलेला असला तर अशा वेळी डॉक्टर डगमगत नाहीत आणि रुग्णाचाही धीर सुटत नाही. सुईतून आलेल्या द्रवावर आता जंतूंच्या जनुकांची चाचणीही होते. तिच्यातून रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, याचाही अंदाज येतो.

तपासणीच्या मर्यादा

सुईची तपासणी सर्वज्ञ नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. सुई गाठीच्या एका भागात शिरते. रोग दुसऱ्या भागात असू शकतो. पट्टीवर काही सापडले नाही, याचा अर्थ काही नाहीच, असा होत नाही. गाठ टिकून राहिली तर तपासणी पुन्हा करावी लागते. रक्तपेशींच्या कर्करोगाचा नेमका प्रकार ठरविण्यासाठी बहुधा पूर्ण ग्रंथी काढून बायॉप्सी करावी लागते. पोटातील वा यकृतातील पाण्याने भरलेल्या गाठीत मात्र सोनोग्राफी केल्याखेरीज सुई घालू नये. ती कुत्र्यांच्या पट्टकृमीची, म्हणजे हायडॅटिडची गाठ असेल, तर आतील द्रव सांडून रुग्णाला तीव्र ॲलर्जीचा झटका येऊ शकतो.

आप्तेष्टांसाठी काही सूचना

१. मानेत, काखेत वा जांघेत आलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, वाढत गेली, किंवा तिच्याबरोबर ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे ही लक्षणे असली, तर डॉक्टरांना दाखवावी. गाठीला शेक देणे, चोळणे, लेप लावून फोडणे हे टाळावे.

२. सुई लावल्याने गाठ 'पसरते' किंवा 'बिघडते', असा समज आहे. मान, काख, जांघ येथील गाठींच्या बाबतीत या भीतीने तपासणी टाळण्याचे कारण नाही.

३. रुग्ण पूर्वी कोणत्या गावी, कोणत्या राज्यात राहिला, घरी मांजरे वा गुरे आहेत काय, पूर्वी फिट आल्या होत्या काय, स्त्री रुग्ण गरोदर आहे काय, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तेही सांगावे.

४. तपासणीचा लेखी अहवाल जपून ठेवावा. दुसऱ्या रुग्णालयात जाताना अहवालाबरोबर काचपट्ट्याही मागून घेता येतात. त्या नीट ठेवल्या तर दुसऱ्या तज्ज्ञांस त्या पुन्हा पाहता येतात आणि पुन्हा सुई लावणे टळू शकते.

५. भाज्या वाहत्या स्वच्छ पाण्याने धुणे, शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, मांस पूर्ण शिजविणे, घराभोवती घाण पाणी साचू न देणे आणि मच्छरदाणी वापरणे, एवढ्याने वर सांगितलेले बहुतेक परोपजीवी दूर राहतात.

देणगीदारांस विनंती

आता थोडे आमच्या अधिकारातले, म्हणजे हिशेबाचे. या तपासणीला लागणारी सामग्री पाहिली तर सुई, सिरिंज, काचपट्ट्या, अल्कोहोल, रंगांच्या तीन-चार बाटल्या आणि एक चांगला सूक्ष्मदर्शक. आधुनिक रुग्णालयातील बहुतेक यंत्रांच्या मानाने हा खर्च अगदीच अल्प. तरीही ग्रामीण भागात ही तपासणी सर्वत्र होत नाही, कारण तिचा खरा खर्च सामग्रीत नसून माणसात आहे. पट्टी नीट पसरणारा आणि रंग ताजे ठेवणारा तंत्रज्ञ हवा, आणि इओसिनोफिलच्या गर्दीतून कृमी हुडकणारा पॅथॉलॉजिस्ट हवा. अशी नजर घडायला वर्षे लागतात आणि ती टिकवायची तर वेतन वेळेवर द्यावे लागते.

देणगी देताना एखादे मोठे यंत्र घ्यावे, त्यावर आईवडिलांच्या नावाची पाटी लावावी, ही भावना स्वाभाविक आहे आणि तिचा आम्हास आदर आहे. अशा यंत्रांनी असंख्य रुग्णांची सेवा होते. परंतु रंगाच्या बाटलीवर पाटी लावता येत नाही, आणि कोणाच्या नजरेवर तर नाहीच नाही. म्हणून प्रयोगशाळेच्या आवर्ती खर्चासाठी, तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी आणि तज्ज्ञांच्या मानधनासाठी दिलेली देणगी लोकांच्या डोळ्यांत भरत नाही. ती ज्याला सहा महिन्यांची अनावश्यक औषधे घ्यावी लागली नाहीत, ज्याचा पाय सुजण्याआधी कृमी सापडला, किंवा ज्याचा कर्करोग वेळेत कळला, अशा रुग्णाच्या घरी पोहोचते. बहुधा त्या घरालाही ती कोणी दिली हे ठाऊक नसते.

विश्वस्त मंडळाने आगामी अंदाजपत्रक करताना यंत्रखरेदीच्या रकमेबरोबर प्रयोगशाळेतील मनुष्यबळाची तरतूदही विचारात घ्यावी, आणि देणगीदारांनी शक्य तेथे आपल्या देणगीचा काही अंश 'प्रयोगशाळा, आवर्ती खर्च' या शीर्षाखाली द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे. श्री रेणुकामातेच्या या गावात गाठ घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला औषधाच्या आधी निदान मिळावे, एवढीच त्यामागील अपेक्षा.